खिळ्याला टांगलेली प्रेरणा

माणूस कामाला का लागतो, हे जगात फार थोड्या लोकांना कळलेलं आहे आणि त्या थोड्यांत आता आपण आहोत, अशी जावईबापूंची खात्री झाली होती. दोन दिवसांचं शिबिर करून ते नुकतेच परतले होते. शिबिरात मऊ खुर्च्या होत्या, तासातासाला चहा होता आणि फळ्यावर त्रिकोण काढून माणसाचं मन उलगडून दाखवणारे एक गोड आवाजाचे प्रशिक्षक होते. जावईबापूंनी सगळं मन लावून ऐकलं. उशिरा पोचल्यामुळे पहिल्या रांगेत बसावं लागलं होतं, त्यामुळे डोळा लागण्याची सोयच नव्हती.

जावईबापू हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. सासऱ्यांचा लाकडी शिड्यांचा कारखाना होता. लग्नानंतर जावईबापू तिथले व्यवस्थापक झाले आणि कामगारांनी पहिल्या दिवशी जी हाक मारली ती कायमची चिकटली. सासरे म्हणजे ‘थोरले मालक’. मग हे ‘धाकटे मालक’ व्हायला काय हरकत होती? पण तो शब्द काही कुणाच्या जिभेवर आला नाही. मुलगी शाळेत जायला लागली, कपाळ मागे सरकत टाळूला जाऊन मिळालं, तरी जावईबापू ते जावईबापूच. आता तर गिऱ्हाईकंही कारखान्याच्या दुकानात येऊन विचारायची, “जावईबापू आहेत का?” ते ऐकलं की त्यांच्या काळजात बारीकसं कुसळ टोचायचं. मरण्यापूर्वी एकदा तरी कुणीतरी आपल्याला ‘मालक’ म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि तशी संधी चालून आली होती. नव्या ग्रंथालयाने उंच कपाटांसाठी शिड्या सांगितल्या होत्या. सासरे गुडघ्यांच्या उपचारासाठी थोरल्या मुलीकडे गेले होते. जाताना त्यांनी काठी टेकत सांगितलं होतं, “शनिवारी मी येतो. ग्रंथपालबाईसुद्धा शनिवारीच माल बघायला येणार आहेत. शिड्या तयार दिसल्या तर किल्ल्या तुमच्या हातात. नाही दिसल्या, तर तुम्ही आपले दुकानात बसा आणि धूळ झटका.”

म्हणजे प्रश्न फक्त माणसांना कामाला कसं लावायचं एवढाच उरला होता. आणि नेमकं तेच तर जावईबापू शिकून आले होते.

पहिला प्रयोग त्यांनी घरातच केला. चांगलं वागणं दिसलं की तिथल्या तिथे कौतुक करावं, म्हणजे माणूस तेच पुन्हा, आणखी उत्साहाने करतो, असं प्रशिक्षकांनी सांगितलं होतं. सोमवारी सकाळी बायकोने चहाचा कप समोर ठेवला. जावईबापूंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मान डोलावली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “शाब्बास!”

बायको थबकली. “काय म्हणालात?”

“शाब्बास म्हणालो. चहा वेळेवर आणलास ना.”

“लग्न झाल्यापासून आणतेय. आजच काय झालं?”

“आता बघ, उद्या तू आणखी उत्साहाने आणशील.”

“मी काय सर्कशीत आहे?” तिने कप उचलला. “उद्या तुमचा तुम्ही करा. जमला तर मी म्हणेन शाब्बास.”

कप आला तसा आत गेला. शास्त्राला थोडा वेळ द्यावा लागतो, अशी स्वतःची समजूत घालत जावईबापू बिनचहाचे बाहेर पडले.

कारखाना म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड. पायाखाली भुसा, हवेत सरसाचा वास आणि आत तीन माणसं. पहिले मिस्त्री. त्यांच्या कानावर पेन्सिल असायची आणि जगातली कुठलीही गोष्ट मापून पाहिल्याशिवाय त्यांना पटायची नाही. दुसऱ्या पॉलिशवाल्या मावशी. त्यांचा हात हलका होता, पण जीभ जड होती. तिसरा डुलकी. त्याच्याकडे लाकूड घासायचं काम होतं आणि तो घासता घासता असा झोपायचा की हात आपला चालूच राहायचा.

आणि एक खिळा होता. दाराशेजारचा हा खिळा सासऱ्यांच्या वडिलांनी ठोकलेला. ज्या वस्तूचं चित्र त्या खिळ्याला लागेल ती वस्तू करायची, असा कारखान्याचा रिवाज होता. प्रश्न विचारायचे नाहीत. कारण कुणी विचारलंच तर थोरले मालक खेकसायचे, “चित्रात आहे ना? मग मला काय विचारता?” सध्या खिळ्याला ग्रंथालयाच्या शिडीचं चित्र लागलेलं होतं.

जावईबापूंनी तिघांना गोळा केलं आणि त्रिकोण समजावून सांगितला. माणसाच्या गरजांच्या पाच पायऱ्या असतात. खालची भागली की माणूस वरची चढतो. सगळ्यात खाली भूक, तहान, झोप. मग सुरक्षितता. मग जिव्हाळा. मग मान. आणि अगदी टोकाला सार्थक.

“टोकाला किती जागा?” मिस्त्रींनी विचारलं.

“जागेचा प्रश्न नाही हो. ती मनाची अवस्था आहे.”

मिस्त्रींनी पेन्सिल एका कानावरून दुसऱ्या कानावर ठेवली.

पहिल्या पायरीसाठी जावईबापूंनी पाव, उकडलेली अंडी आणि केळी आणली. तिघांनी पोटभर खाल्लं. डुलकीने विचारलं, “या पायरीवर झोप पण आहे म्हणालात?”

“आहे ना. पहिल्याच पायरीवर.”

“म्हणजे शास्त्रात आहे?”

“अगदी पाया आहे शास्त्राचा.”

डुलकीने केळ्याची साल बाजूला ठेवली. “आणि इतकी वर्षं लोक मला आळशी म्हणत होते,” असं म्हणत त्याने दोन फळ्या जोडल्या आणि तो रीतसर आडवा झाला. दुपारी मिस्त्रीही आडवे झाले. शास्त्राला विरोध कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. मावशींनी बसल्या जागी भिंतीला डोकं टेकलं. सोमवारी एकही शिडी झाली नाही, पण गरज मात्र तिघांचीही पूर्ण भागली.

मंगळवारी सुरक्षितता. जावईबापू स्टुलावर उभे राहिले आणि मोठ्या मायेने म्हणाले, “एक गोष्ट मनात पक्की ठेवा. मी तुमच्यापैकी कुणालाही कामावरून काढणार नाही.”

मावशींच्या हातातला पॉलिशचा बोळा खाली पडला.

“काढणार नाही?” त्यांनी विचारलं.

“मुळीच नाही.”

“म्हणजे काढायचा विचार चालला होता.”

“छे छे! कुणी केला विचार?”

“मग सांगायचं कारण काय? थोरल्या मालकांनी उभ्या जन्मात असं सांगितलं नाही. त्यांच्या मनातच कधी आलं नसेल.”

“काल खायला घातलं, तेव्हाच मला शंका आली होती,” मिस्त्री म्हणाले.

जावईबापूंनी समजावण्याचा आटोकाट प्रयत्न केला. कारखाना बंद होणार नाही, जागा विकायची नाही, कुणी विकत घ्यायलाही आलेलं नाही. ते जसजसे नवं काही नाकारत गेले तसतशी त्या बिचाऱ्यांच्या ज्ञानात भर पडत गेली. जागा विकण्याची गोष्ट तर तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हती. संध्याकाळपर्यंत तिघांचीही खात्री पटली, की कारखान्याचे दिवस भरले. डुलकीला त्या दिवशी झोपसुद्धा लागली नाही, यावरून काय ते समजा.

बुधवारी जिव्हाळा. गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने शेजारच्याबद्दल एक चांगला शब्द बोलायचा. मिस्त्रींनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “मावशींचं पॉलिश बरं असतं.”

“बरं?” मावशी म्हणाल्या.

“बरं म्हणजे चांगलंच की.”

“मग चांगलं म्हणा ना. तोंडाला रंधा मारलाय का? तुमचे सांधे झाकायला माझं पॉलिश लागतं, म्हणून ‘बरं’ काय!”

पुढचं सगळं सांगत बसत नाही. सरसाचं भांडं कुणी करपवलं, हे बारा भानगडींखाली गाडलेलं जुनं भांडण वर आलं आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत मिस्त्री नि मावशी एकमेकांशी बोलेनासे झाले. काही सांगायचं असलं की दोघंही डुलकीमार्फत सांगायची आणि त्यासाठी आधी त्याला उठवावं लागायचं.

संध्याकाळी एकट्याच उरलेल्या जावईबापूंनी अर्ध्यामुर्ध्या शिड्यांकडे पाहिलं. कुठे चुकलं? मग दाराकडे पाहताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खिळ्यावरचं ते शिडीचं चित्र! ते दिवसभर डोळ्यांपुढे लटकत राहतं आणि माणसांवर दडपण आणतं. प्रशिक्षक म्हणालेच होते, दडपणाखाली प्रेरणा गुदमरते. त्यांनी ते चित्र काढून घडी करून खिशात घातलं. त्या जागी शिबिरात मिळालेला त्रिकोणाचा मोठा तक्ता टांगला आणि निदान उद्यापासून माणसांच्या नजरेस काहीतरी उदात्त पडेल, अशा समाधानात ते घरी गेले.

गुरुवारी सकाळी कारखान्यात न जाता ते थेट ग्रंथालयात गेले. चार दिवसांची मुदत मागावी असा विचार होता. ग्रंथपालबाई मुलांच्या खोलीत भेटल्या. खोली नवी कोरी होती, पण बसायला काही नव्हतं. मुलं जमिनीवर पालथी पडून वाचत होती आणि बाई पोरांचे पाय ओलांडत चालत होत्या.

“मुदत?” त्या म्हणाल्या. “आम्ही वाचकांना पुस्तक परत करायला मुदत देतो. तीसुद्धा एकदाच. शनिवार म्हणजे शनिवार.”

जावईबापू मान खाली घालून परतले. आणि शेडजवळ येताच त्यांचे पाय थांबले. आतून रंध्याचा आवाज येत होता, करवतीचा येत होता, हातोडीचा येत होता. चक्क मिस्त्री आणि मावशी एकमेकांशी बोलत होते. आणि मधूनच डुलकीचा आवाज आला, “आणखी घासायला द्या ना काहीतरी!”

त्यांनी दार ढकललं, तर मिस्त्रींनी फटीतून डोकं बाहेर काढलं. त्यांच्या भुवयांवर भुसा होता आणि डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

“आत येऊ नका. खिळ्यावरचं काम चाललंय. शनिवारी सकाळी या. तोवर कुणीही बघायचं नाही.”

दार बंद झालं. जावईबापूंना तिथेच भरून आलं. चौथी पायरी! नव्हे, पाचवीच! त्यांनी दुकानातून सासऱ्यांना फोन लावला. “बाबा, माणसं नुसती पेटलीयत. डुलकी काम मागतोय.”

पलीकडे काठी पडल्याचा आवाज आला. “आपला डुलकी?”

“आपलाच.”

“मी शनिवारी सकाळच्या पहिल्याच गाडीने येतो,” सासरे म्हणाले. “हे मला डोळ्यांनी बघायचंय.”

पेटलेल्या माणसाला मोकळीक द्यावी, त्याच्या मानेवर बसू नये, हाही शिबिरातलाच धडा होता. म्हणून शुक्रवारभर जावईबापू दुकानात बसून राहिले आणि हातोडीच्या ठोक्यांवर बोटांनी ताल धरला. घरी बायकोला त्यांनी मानवी मनावर इतकं ऐकवलं, की ती भांडी घासायला स्वतःहून उठली. हाही शास्त्राचाच विजय, असं त्यांनी धरलं.

शनिवारी सकाळी मिस्त्रींनी दार सताड उघडलं.

शेडच्या मधोमध एक डोंगर उभा होता. चहूबाजूंनी पायऱ्या असलेला, खाली ऐसपैस आणि वर निमुळता होत गेलेला, गुळगुळीत, तांबूस लाकडाचा डोंगर. पाच पायऱ्या, प्रत्येक पायरी गुडघाभर उंच. प्रत्येकीवर मावशींच्या सुरेख अक्षरांत रंगवलेलं: भूक, तहान, झोप. सुरक्षितता. जिव्हाळा. मान. आणि टोकाला, एक माणूस कसाबसा बूड टेकवेल एवढ्या जागेत, सार्थक.

“हे काय आहे?” जावईबापूंच्या तोंडून कसाबसा आवाज फुटला.

“ते आम्ही विचारलं नाही,” मिस्त्री म्हणाले. “खिळ्याला चित्र होतं. बाजूने खोली किती ते काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून चारही बाजूंनी सारखंच धरलं. वर तर नुसतं टोक होतं. म्हटलं, चढलेल्या माणसाला टेकायला तरी हवं, म्हणून तेवढं सपाट केलं. एक खिळा मारलेला नाही. सगळे सांधे खाचेचे, चार तुकड्यांत उघडतं.”

“आणि लाकूड? लाकूड कुठलं वापरलंत?”

“होतं ते. ग्रंथालयाचं.”

जावईबापूंच्या डोळ्यांपुढे दुकानातली धूळ आणि झटकणी दिसू लागली. “मग त्या शिड्या?”

“त्यांचं चित्र तुम्हीच उतरवलंत ना? आम्हाला वाटलं, रद्द झालं काम.” मिस्त्रींचा आवाज एकदम मऊ झाला. “कारखाना बंद होणार हे तर कळलंच होतं. मावशी म्हणाल्या, जन्मभर सरळ शिड्या केल्या. जाता जाता एक तरी असं काम करू की बघणारा थांबेल. खरं सांगू? इतकी मजा मला कधी आली नव्हती.”

“सांधे इतके चांगले झालेत, की मला झाकायला काही उरलंच नाही,” मावशी म्हणाल्या. मावशींच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं, याची नोंद घेण्याचं भानही जावईबापूंना उरलं नव्हतं. कारण बाहेर काठीचा आवाज आला होता.

सासरे आत आले. मागून जावईबापूंची बायको आली. आणि त्यांच्याच मागोमाग, वेळेच्या पक्क्या, ग्रंथपालबाई. जावईबापू हात पसरून त्या डोंगरापुढे उभे राहिले, जणू त्यांच्यामागे तो दिसणारच नव्हता.

बाईंनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलंही नाही. त्यांनी डोंगराला एक पूर्ण फेरी मारली. प्रत्येक पायरीवरची अक्षरं वाचली. मग चप्पल काढली, चढून ‘जिव्हाळा’वर बसल्या, पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचू लागल्या. बाईंनी पान उलटलं. दुसरंही उलटलं.

“हे मला हवंय,” अखेर त्या म्हणाल्या. “मुलांच्या खोलीसाठी. अक्षरं अशीच राहू द्या. कोण कुठल्या पायरीवर जाऊन बसतं ते मला बघायचंय.”

“पण शिड्या…” जावईबापू पुटपुटले.

“द्या सावकाश. वरच्या फळीवर जाडजूड कोश आहेत, ते कुणी मागत नाही. ते डोक्यात पडू नयेत, एवढीच वाचकांची अपेक्षा असते. आणि असलंच एक आमच्या दुसऱ्या शाखेसाठीही करा.”

सासरे काठी टेकत जवळ आले. त्यांनी एका सांध्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. “हे कुणाचं डोकं?”

तिघांनीही जावईबापूंकडे बोट दाखवलं. “यांनी चित्र लावलं,” मिस्त्री म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

“माझ्या वडिलांनी सरळ शिड्या केल्या,” सासरे म्हणाले. “मीही सरळच केल्या. त्यापलीकडे काही आम्हाला सुचलं नाही.” आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढून जावयाच्या हातात ठेवला. जावईबापूंना वाटलं, सगळं खरं सांगून टाकावं. वाटलं, तसंच ते निघूनही गेलं. आनंदाने त्यांची छाती इतकी फुगली होती, की खरं बोलायला आत जागाच उरली नव्हती. कारखाना बंद होणार नाही, हे त्यांनी किल्ल्या वाजवत पुन्हा एकदा जाहीर केलं आणि या वेळी तिघांचाही विश्वास बसला.

“फोटो काढू या,” बाई म्हणाल्या. “कर्त्याने वर बसावं.”

जावईबापू चढले. भूक, तहान, झोप ओलांडून, सुरक्षितता ओलांडून, जिव्हाळा आणि मान मागे टाकून ते थेट सार्थकावर जाऊन बसले. बायकोने फोटो काढला. फोटोनंतर चार शब्द बोलणं भागच होतं. त्यांनी डोळे मिटले आणि माणूस कामाला का लागतो, या विषयावर बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता ते दडपणावर गेले, मोकळीकीवर गेले, परत त्रिकोणावर आले. खालून मधूनमधून बोळ्याचा सळसळ आवाज येत होता, पण त्यांना तो टाळ्यांची सुरुवात वाटला.

डोळे उघडले तेव्हा शेड रिकामी होती. जेवायची सुट्टी झाली होती. फक्त मावशी दाराशी हात पुसत उभ्या होत्या.

“हलू नका हं. पॉलिशचा शेवटचा हात मारलाय चारी बाजूंनी. वाळेपर्यंत एकही पाय खाली टेकवायचा नाही. दुपारी टेम्पो येणार आहे,” असं म्हणून त्याही जेवायला गेल्या.

खालच्या चारही पायऱ्या ओल्याचिंब चकाकत होत्या. जावईबापूंनी सार्थकावर थोडी बैठक बदलून पाहिली, तर अर्धे ते बाहेरच आले. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. सकाळपासूनच्या धांदलीत त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

“अहो, कुणी आहे का?” ते ओरडले. “शिडी आणा!”

मिस्त्री भरल्या तोंडाने दारात आले. त्यांनी घास गिळला, कानावरची पेन्सिल नीट केली आणि अतिशय आदराने म्हणाले, “मालक, शिडी एकही तयार नाही.”

मालक! जावईबापूंच्या अंगावर रोमांच उभे राहिले. इतक्या वर्षांनी तो शब्द आला होता, आणि आता त्या शब्दाला शोभेल असं खाली उतरणं तेवढं राहिलं होतं.

मिस्त्री पुन्हा जेवायला गेले. थोड्या वेळाने बायको आली. तिच्या हातात पिशवी होती. तिने एकवार डोंगर पाहिला, एकवार नवऱ्याला पाहिलं, पिशवीतून एक पाव काढला आणि नेम धरून वर फेकला. जावईबापूंनी तोल सांभाळत, दोन्ही हातांनी तो कसाबसा झेलला.

“शाब्बास!” बायको खणखणीत आवाजात म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. पण कबूल करायला हवं, की दुसरा पाव त्यांनी एका हाताने झेलला आणि आणखी उत्साहाने.